मोकळी जागा म्हणजे काय?



पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती मुंबईच्या पूर्व उपनगरात राहते. लग्न होऊन कोडोलीतून गेली त्याला तीस वर्षे होत आली, पण माझ्याशी बोलताना अजून गावचीच भाषा तिच्या तोंडी येते. म्हणाली, "भाई, एवढ्या कविता लिहितोस, एक अर्ज लिहून दे की."

अर्ज लिहिणे मला नवे नाही. बी. ए. झालो तेव्हापासून आमच्या गल्लीतले निम्मे अर्ज माझ्याच हातचे. कुणाचा घरकुलाचा, कुणाचा विजेच्या बिलाचा, कुणाचा पोराच्या जातीच्या दाखल्याचा. कवितेला दाद देणारे चार भेटले असतील, पण अर्ज चांगला झाला म्हणून चहा पाजणारे पुष्कळ भेटले. तेव्हा मी म्हटले, "सांग, काय लिहायचंय?"

तिच्या इमारतीसमोर एक मॉल आहे. आहे म्हणजे, होता. वीसेक वर्षांपूर्वी तो उघडला तेव्हा मी तिच्याकडे गेलो होतो. आमची अम्मी सरकत्या जिन्यासमोर उभी राहिली आणि पाय पुढे टाकायलाच तयार होईना. शेवटी भाच्याने हात धरून तिला वर नेली. वर गेल्यावर ती एवढी खूश झाली, की खाली येऊन पुन्हा वर गेली. विकत काहीच घेतले नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, आत गार हवा होती, बसायला बाक होता. बस्स.

मग हळूहळू एकेक गाळा बंद पडू लागला. एक जिना बंद झाला, दिवे कमी झाले. २०२० च्या टाळेबंदीत दारे लागली ती पुढे नीटशी उघडलीच नाहीत. आता तिथे पत्रे ठोकले आहेत आणि आत उंच उंच राहत्या इमारती होणार असे सगळे सांगतात. सोसायटीची बैठक झाली. प्रत्येकाने आपापली काळजी बोलून दाखवली. पाणी आताच पुरत नाही, पुढे काय? सकाळी रिक्षा निघायला अर्धा तास लागतो, पुढे काय? शाळेत वर्गात मुले मावत नाहीत. आमच्या खिडकीतले ऊन जाईल. एवढे सांगून झाल्यावर बहिणीने आवाज थोडा खाली घेतला आणि म्हणाली, "आणि कसली कसली माणसं येतील, असंही म्हणत होते काही जण."

मी म्हटले, "ते पण लिहू का अर्जात?"

ती काही बोलली नाही.

श्रोतेहो, आज मला या अर्जाबद्दल बोलायचे आहे. कारण तो लिहिता लिहिता मला एका साध्या मराठी शब्दाचा अर्थ नव्याने शिकावा लागला.

आधी मॉलबद्दल थोडे. मुंबईत ताडदेवला १९९९ मध्ये 'क्रॉसरोड्स' उघडला, तो आपल्याकडच्या अगदी पहिल्या मॉलपैकी एक. गर्दी आवरण्यासाठी सुरुवातीला तिथे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्याला सहज प्रवेश आणि बाकीच्यांना शुल्क, अशी पद्धत होती. आमच्या कोडोलीच्या बाजारात आत येण्याचे पैसे कुणी मागितले असते तर लोकांनी त्याला वेड्यातच काढले असते. पुढे उपनगरांतून मॉल भराभर उभे राहिले. एकाच रस्त्यावर दोन-दोन, तीन-तीन झाले. काही ठिकाणी बांधणाऱ्यांनी गाळे सुटे सुटे विकून टाकले. शंभर गाळ्यांना शंभर मालक झाले, मग देखभाल कुणी करायची? त्यात फोनवरून मागवलेली वस्तू घरपोच येऊ लागली. ज्यांनी निवृत्तीची पुंजी घालून एखादा गाळा घेतला होता, त्यांच्या हाती नुसते कुलूप राहिले. अशा मॉलखालची जमीन मात्र दरवर्षी महाग होत गेली. दुकानापेक्षा घराला भाव आला, की तिथे घरे बांधावीत असे मालकाला वाटणे साहजिक आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. चहूबाजूंनी बंदिस्त, आतून गार असा मॉल ज्याने प्रथम आखला तो व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९५६ मध्ये त्याचा 'साउथडेल' उघडला. त्याच्या मूळ कल्पनेत बाजाराभोवती घरे, शाळा, दवाखाना, तळे असे सगळे होते. प्रत्यक्षात उभे राहिले ते दुकान आणि भोवती मोटारी लावायचे मैदान. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परतला आणि आपल्या कल्पनेची ही दशा पाहून चिडून बोलत असे. आता त्याच साउथडेलच्या मोटारतळाच्या एका भागात राहत्या इमारती झाल्या आहेत. म्हणजे मॉलच्या जागी घरे येणे ही गोष्ट मुळात वाईट नाही. प्रश्न आहे तो घरांबरोबर आणखी काय येणार आणि कुणासाठी येणार, हा.

अर्ज लिहायला बसलो आणि अब्बांचे गिरणगाव डोळ्यांसमोर आले.

माझे अब्बा गिरणी कामगार होते. पन्हाळा, शाहूवाडी, शिराळा या भागातून त्या काळी घरटी एखादा माणूस मुंबईला असायचा. लोअर परळला गाववाल्यांची एक खोली होती. पाळी बदलली की माणसे बदलायची. एक उठला की त्याच्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. अब्बा तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा त्या खोलीत एकटेच मुसलमान. कुणी काही बोलले नाही, पण ते आपण होऊनच बाहेर गॅलरीत वळकटी टाकायचे. एका रात्री पावसाची झड आली. खोलीतला एक वयस्कर गडी उठला, अब्बांची वळकटी ओढून आत घेतली आणि म्हणाला, "कोडोलीचं पोरगं आहे. सरका जरा." सगळे सरकले. ही गोष्ट अब्बा आम्हाला इतक्या वेळा सांगायचे, की आम्हा भावंडांना ती पाठ झाली होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी संपला नाही. अब्बा गावी परतले आणि सायकल दुरुस्तीचे दुकान घालून बसले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो.

मुंबईतल्या अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून सहाशे एकरांच्या आसपास जमीन. तिचे काय करायचे याचा एक नियम १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आला. योगायोग असा, की नियमाचा आकडाही ५८ च. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा, की गिरणीमालकाने जमीन विकसित केली तर एक तृतीयांश शहराला, बागा-मैदानांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. आणि उरलेली एक तृतीयांश मालकाला. शाळेतल्या पोरालाही कळावी अशी वाटणी.

२००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी राहिली, पण ती फक्त 'मोकळ्या' जमिनीची. आणि मोकळी कोणती? तर जिच्यावर आधीपासून बांधकाम नाही ती. गिरणीच्या आवारात जिकडेतिकडे शेड, गोदामे, खाती. मोकळी जमीन असून असणार किती? मुंबईतल्या एका पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये उच्च न्यायालयात दाद मागितली. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होते तीही मोकळीच धरायला हवी, हा वादाचा मुद्दा. त्या वर्षी ऑक्टोबरात उच्च न्यायालयाचा निकाल संस्थेच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला.

मी कायद्याचा माणूस नव्हे. न्यायालयाने नियमाची चौकट पाहून अर्थ लावला, त्यावर मी काय बोलणार? पण शब्दांचा माणूस म्हणून मला एक गोष्ट फार लागली. मराठीत 'मोकळे' हा शब्द आपण कधी वापरतो? बांधलेले केस सोडले की ते मोकळे होतात. दावे सोडले की बैल मोकळा होतो. ऊस तुटून गेला की रान मोकळे होते. मनातले सांगून टाकले की मन मोकळे होते. म्हणजे आधी बांधलेले, भरलेले काहीतरी सुटले, की आपली भाषा त्याला मोकळे म्हणते. जे मुळातच भरलेले नव्हते त्याला आपण रिकामे म्हणतो. नियमाच्या इंग्रजीत हा फरक नव्हता. आणि त्या एका शब्दाच्या पोटात गिरणगावातली कितीतरी मैदाने आणि कितीतरी घरे गडप झाली.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. बाकीच्या ठिकाणी कार्यालये आली, उंच मनोरे आले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१२ च्या जूनमध्ये पहिली मोठी सोडत निघाली, तीत ६,९२५ घरे होती. घर मागणाऱ्या कामगारांचे आणि वारसांचे अर्ज पुढे दीड लाखावर गेले. एक अर्ज आमच्या अब्बांचाही होता. तोही मीच लिहिला होता. नंबर लागला नाही. अब्बा गेले तेव्हा त्या अर्जाची पोच त्यांच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेली सापडली.

इमारती वाढल्या, माणसे वाढली, पण त्यांना वाहून नेणारे रस्ते आणि पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस पडत होता. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस माणसे गेली. गिरणीच्या भोंग्यावर चालत कामाला जाणाऱ्यांच्या जागी आता लोकलने लांबून येणारी माणसे होती. नवा पूल लष्कराने काही महिन्यांत बांधून दिला. म्हणजे तो बांधता येत होता.

म्हणून, आमच्या इथे आता किती माणसे मावतील असे जेव्हा एखादी सोसायटी विचारते, तेव्हा तिला प्रगतीच्या आड येणारी म्हणून झिडकारू नये. तिने मांडलेला तो एक हिशेब असतो. मी बहिणीला तो हिशेब करूनच दाखवला. समजा, समोर सहाशे घरे झाली. घरटी चार माणसे धरली तर चोवीसशे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे साधारण प्रमाण मानतात. गुणाकार केला तर रोजचे ३,२४,००० लिटर. दहा हजार लिटरचे बत्तीस टँकर झाले. आणि हे पाणी येणार कुठून? मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी भातसा शहापूर तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातली कितीतरी गावे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. तेव्हा आमच्या नळाचे काय, एवढे विचारून भागत नाही. दुसऱ्याच्या हंड्याचाही हिशेब त्यातच आहे.

अर्जाचा कच्चा मसुदा झाला आणि मी तो फोनवरून वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांत माझा भाचाही होता. अठ्ठावीस वर्षांचा आहे, नोकरी करतो, पुढच्या वर्षी त्याचे लग्न. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामू, सगळं बरोबर आहे. पण इथं घरं नकोत, असं मात्र लिहू नका."

मग त्याने सांगितले ते मला ठाऊक नव्हते. तो भाड्याने घर शोधत होता. तीन ठिकाणी जागा पसंत पडली, अनामत ठरली. तिन्ही ठिकाणी नाव सांगितल्यावर मालकाचा विचार बदलला. आईला वाईट वाटेल म्हणून तो घरी बोलला नव्हता. म्हणाला, "त्या टॉवरमध्ये मला परवडेल असं एक घर असलं, तर मीच पहिली सही करतो. पण तिथं सगळी चार-चार खोल्यांचीच घरं होणार असली तर ती ना माझी, ना तुमच्या सोसायटीतल्या कुणाच्या पोराची."

फोनवर थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मला अब्बांची वळकटी आठवली. 'कसली कसली माणसं येतील' हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात कोण होते, हे मला ठाऊक नाही. त्या बैठकीत माझी बहीणही बसली होती, एवढे ठाऊक आहे. आणि या सोसायटीतला प्रत्येक जण, कुणी कोकणातून, कुणी घाटावरून, कुणी उत्तरेतून, एके दिवशी त्या रस्त्यावर नवा माणूस म्हणूनच उतरलेला आहे.

त्या रात्री अर्ज पुन्हा लिहिला. रहिवाशांच्या काळजीत दोन धान्ये मिसळलेली असतात. पाणी, रस्ता, शाळा, ऊन ही एक. येणाऱ्या माणसांची भीती हे दुसरे. निवडून वेगळी केली नाहीत तर पहिल्याचीही किंमत जाते. अर्ज घेणारा सहज म्हणू शकतो, की यांना शेजारी कुणी नकोच आहे. म्हणून दुसरे मी सुपातून पाखडून टाकले. आणि पहिल्यात पाच मागण्या लिहिल्या.

एक, बांधकामाआधी पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब आम्हाला दाखवावा. दोन, गाड्यांची ये-जा एकाच अरुंद रस्त्यावर सोडू नये. तीन, शाळेची आणि दवाखान्याची सोय किती घरांमागे किती, ते आकड्यांत सांगावे. चार, मोकळी जागा जमिनीवर असावी. याच कोहिनूर मिलच्या जागेवरच्या एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले होते, की नियमाने सोडायची किमान मनोरंजनाची जागा गाड्यांच्या मजल्यांवरच्या गच्चीत दाखवून भागणार नाही, ती जमिनीवर हवी. गच्चीवरच्या बागेत मोठे झाड मुळे कुठे पसरणार? आणि रस्त्यावरची म्हातारी माणसे तिथे चढणार कशी? पाच, घरांत लहान आणि परवडणारी घरे असावीत, आणि ती देताना नाव-गाव-आडनाव पाहिले जाऊ नये.

श्रोत्यांपैकी कुणाच्या दारात अशी वेळ आली तर उपयोगी पडावे म्हणून दोन गोष्टी सांगतो. विकास आराखड्यात बदल करायचा असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे नोटीस निघते आणि हरकती-सूचनांसाठी महिन्याची मुदत असते. नोटीस वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात येते. तिच्यावर नजर ठेवावी. मात्र घरे बांधणे चालू नियमांतच बसत असेल तर अशी नोटीस निघणारही नाही. पण बांधकाम वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर पर्यावरण खात्याची मंजुरी लागते. तिच्या कागदांत पाणी किती, सांडपाणी किती, गाड्या किती हे बांधणाऱ्यालाच लिहून द्यावे लागते. ते कागद मागून घ्यावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आणि वाचताना प्रत्येक शब्दापाशी थांबावे. 'मोकळी', 'सार्वजनिक', 'परवडणारी' हे शब्द गोड आहेत. कुणाला मोकळी, कुणासाठी सार्वजनिक, कितीला परवडणारी, हे त्यांच्याच शेजारी लिहून घ्यावे.

अर्ज सोसायटीच्या बैठकीत वाचला गेला. पहिल्या चार मागण्यांना सगळ्यांनी मान डोलावली. पाचवीला दोघे-तिघे म्हणाले, ही ओळ काढा, तिचा आपल्याशी काय संबंध? माझी बहीण आयुष्यात कधी बैठकीत बोललेली नाही. ती उभी राहिली आणि तिने अब्बांच्या वळकटीची गोष्ट सांगितली. मला हे भाच्याने कळवले. गोष्ट संपल्यावर सचिव म्हणाले, ओळ राहू द्या. सगळ्यांनी सह्या केल्या असे नाही. पण पुष्कळांनी केल्या, आणि ओळ राहिली.

अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर यायचे आहे. पोच जपून ठेव, एवढे मी बहिणीला सांगितले. आमच्या घरात ती सवय जुनीच आहे.

परवा संध्याकाळी मी आमच्या बाजाराच्या जागेवरून चाललो होतो. बाजार उठून गेला होता. भाजीचा पाला इकडेतिकडे पडला होता, एक गाय तो खात होती. लगेच पोरांनी विटा मांडून क्रिकेट सुरू केले होते. कडेच्या कट्ट्यावर दोन म्हातारे बसले होते. या जागेला कुणी मॉल म्हणत नाही आणि इथे आत यायला कुणी काही दाखवायला सांगत नाही. भरते, उठते, पुन्हा मोकळी होते. पोरांचा चेंडू माझ्या पायाशी आला. मी तो परत टाकला आणि घरी आलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)